भाताचं बी आणि भाताचं नाव, एकाच पिशवीत

कोकणात जुन्या भातांचं बी गोळा करणारे आता गावोगाव दिसतात. बोलीतले शब्द गोळा करणारेही दिसतात. पण दोघांच्या वाटा सहसा एकमेकींना मिळत नाहीत. बीवाल्यांच्या पिशवीवरचं नाव घाईत, ऐकलं तसं उतरवलेलं असतं. शब्दवाल्यांच्या वहीत भाताची पंचवीस नावं असतात, पण एकाही नावामागे दाणा नसतो. पुढे कुणी त्यावर काम करायला बसलं की दोन्ही संग्रह लंगडे पडतात.

कारण नाव आणि जात यांचं लग्न कायमचं लागलेलं नसतं. कुडाळकडे ‘मुणगो’ म्हणतात, उत्तरेकडे ‘मुणगा’, आणि खाडीकाठी ‘खारा मुणगा’. ही एकाच भाताची तीन रूपं आहेत की तीन वेगळी भातं, हे नुसतं नाव ऐकून सांगता येत नाही आणि नुसता दाणा पाहूनही नाही. उलटही होतं. एकाच वाणाला शेजारच्या दोन वाड्यांत दोन नावं असतात, कारण एका वाडीत तो माहेरच्या बियाण्याबरोबर आलेला असतो आणि दुसरीत बाजारातून. म्हणून नाव, बी, ते पिकवणारा माणूस आणि जागा या सगळ्याला पहिल्या मिनिटापासून एकच क्रमांक हवा. ‘कु-०४-११’ म्हणजे कुडाळ तालुका, चौथं गाव, अकरावा नमुना. हाच क्रमांक बियाण्याच्या पाकिटावर, ध्वनिमुद्रणाच्या फाइलवर, फोटोत धरलेल्या चिठ्ठीवर आणि वहीत. क्रमांक पेन्सिलीने लिहा. बॉलपेन आणि जेलपेनची शाई आपल्या पावसाळ्यात पसरते, आणि श्रावणात फडताळ उघडावं तर निम्म्या पाकिटांवर निळे डाग उरलेले असतात. एक चिठ्ठी पाकिटावर आणि तशीच दुसरी पाकिटाच्या आत.

आधी नावाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते.

‘ह्यां वालय मां?’ (हे वालय जातीचं भात ना?) असं विचारलं की समोरचा ‘व्हय’ म्हणतो. पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं, हा आपल्याकडचा रिवाज. असं मिळालेलं ‘होय’ संशोधनाच्या कामाचं नाही. लोंबी हातात द्यावी आणि ‘ह्या भाताक काय म्हंतत?’ एवढंच विचारून गप्प बसावं. दहा सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण खरं उत्तर बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येतं: ‘आमी म्हंतो बेळो, पण आये म्हनायची…’ हे ‘पण’ फार मोलाचं. एका नमुन्याचं नाव किमान तीन माणसांना वेगवेगळं गाठून विचारा. त्यातली एक बी राखणारी आणि रांधणारी बाई असलीच पाहिजे. पेजेला कुठलं, उकड्याला कुठलं, पोह्यांना कुठलं, आंबोळीला कुठलं हे तिला विचारलं की पुरुषांच्या यादीत न आलेली दोन-तीन नावं हमखास बाहेर पडतात. कातकरी वाडीतल्या माणसांनी वापरलेला शब्द जमीनमालकाच्या तोंडून कधीच घेऊ नये. त्यांच्याकडे त्यांच्याच बोलीत जाऊन विचारावं, दुभाष्या त्यांच्यातलाच असावा.

सणांबद्दल वेगळं विचारावं लागतं. ‘शेतात काय काय लावता?’ या प्रश्नाला देवभात कधीच उत्तर म्हणून येत नाही, कारण ते कुणी लावत नाही. तळ्याकाठी, पाणथळ जागी आपोआप उगवणारं हे रानटी भात. लांब कुसळं, आणि दाणा पिकला की लगेच गळतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं अन्न खायचं नाही, या रिवाजामुळे ते लोकांच्या लक्षात राहिलं. ते गोळा करायचं तर लोंबी हिरवट असतानाच तिच्यावर कापडी पिशवी बांधावी लागते. पिकायची वाट पाहिली तर हाती नुसती दांडी लागते.

आता लिहिण्याचा प्रश्न. देवनागरीत ‘च’ एकच आहे, पण ‘चार’ मधला आणि ‘चाक’ मधला च वेगळा. ज आणि झ यांचंही तसंच. भाताच्या नावात असा वर्ण आला तर दंत्य (‘चाक’ मधल्यासारख्या) उच्चाराखाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्या, नाहीतर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहा. पण वहीच्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच पद्धत ठेवा. दुसरी अडचण नासिक्य स्वरांची. प्रमाण मराठीने १९६२च्या लेखननियमांनंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार सोडले. मालवणीत मात्र ‘तां’, ‘ह्यां’, ‘रोपां’ यांतला नाकातला स्वर जिवंत आहे आणि तो व्याकरणाचं काम करतो. शिकलेला माणूस नकळत तो गाळतो. त्याहून वाईट म्हणजे ‘मुणगो’ सुधारून ‘मुणगा’ लिहिणं. ओकारान्त रूप म्हणजे नमुना कोणत्या बोलीपट्ट्यातून आला याची खूण. ती पुसली की पुन्हा मिळत नाही. म्हणून दोन रकाने ठेवा: पहिल्यात कानावर पडलं तसं, दुसऱ्यात शोधायला सोपं जावं म्हणून प्रमाण रूप. पहिल्या रकान्यात नंतर कुणी हात घालायचा नाही. भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांनी १९६०च्या दशकात कुडाळी आणि महाडची कुणबी या बोलींची सर्वेक्षणं केली. आजची नोंद तेव्हाच्या रूपांशी ताडून पाहायची तर ती तितक्याच काटेकोरपणे केलेली हवी.

‘गरवा’, ‘निमगरवा’, ‘हळवा’ हे शब्द घेताना सावध राहा. ते मुळात कालावधीचे वर्ग आहेत. साधारण ११५ दिवसांच्या आत येतो तो हळवा, १३५च्या पुढे जातो तो गरवा. पण एखाद्या गावात एकच हळवं भात उरलं असेल तर ‘हळवा’ हेच त्याचं नाव होऊन बसतं. तेव्हा ‘हळव्यात आणखी कुठलं?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय तो शब्द वाणाच्या रकान्यात टाकू नका. ‘खाजण’, ‘खार’, ‘भरड’, ‘मळा’, ‘वरकस’ हे जमिनीचे शब्दही गावागणिक थोडे सरकतात. व्याख्या विचारू नका. बांधावर उभं राहून कुठून कुठपर्यंत ते बोटाने दाखवायला सांगा आणि तिथे जीपीएस नोंदवा.

ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये (न दाबलेल्या फाइलमध्ये) करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोबाइलच्या साध्या रेकॉर्डरची दाबलेली फाइल ऐकायला बरी असते, पण श, स आणि च़ यांच्या घर्षणाचा वरचा पट्टा तिच्यात बिघडतो आणि प्रातमध्ये (उच्चार मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडल्यावर नेमकं मोजता येत नाही. एका तासाची एकपदरी (मोनो) फाइल साधारण ५०० एमबी होते, तेव्हा कार्ड मोठं घ्या. माइक सदऱ्याला, तोंडापासून वीतभर अंतरावर. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या शब्दालाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पत्र्याच्या पडवीत पावसात बसलात तर सगळं वाया जातं. माजघरात बसा आणि पंखा बंद करा. सुरुवातीला क्रमांक, गाव, तारीख मोठ्याने बोला. प्रत्येक नाव तीन वेळा म्हणवून घ्या, आणि तेच नाव वाक्यातही येऊ द्या: ‘औंदा … लावलंय.’ सुटा शब्द उच्चारताना माणूस जरा शाळेत उभा असल्यासारखा बोलतो. वाक्यात खरा उच्चार येतो. मग इलानमध्ये (मुद्रणाला मजकूर जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तीन पट्ट्या करा: बोलीतलं, प्रमाण मराठीतलं, आणि टिपणं.

संमतीचं काम याच वेळी. चार पानांच्या इंग्रजी कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असं मी मानत नाही. बी कुठे जाणार, कोण वापरणार, नाव छापायचं की नाही, आणि उद्या मन बदललं तर काय, हे बोलीत सांगून उत्तर ध्वनिमुद्रित करावं. जैविक विविधता कायदा २००२चा आहे, २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवहीही असते. समितीला आधी कळवा आणि वाणाची नोंद त्या वहीत गेली आहे का ते पाहा. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्याखाली (२००१) शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो, त्याला शुल्क नाही. नमुना संस्थेच्या नावावर गेला आणि शेतकऱ्याची नोंदणी राहून गेली, असं होता कामा नये.

आता बी.

बाजारातून किंवा गिरणीतून घेतलेलं भात नमुना म्हणून चालत नाही. शेतातून घ्यायचं, तेही कापणीच्या आठवडाभर आधी. भात बहुतांशी स्वपरागी (स्वतःच्याच परागाने दाणा धरणारं) आहे, परपरागण सहसा एक टक्क्याच्या आत. त्यामुळे शेतातलं प्रत्येक रोप जवळजवळ आपापली शुद्ध ओळ (पिढ्यानपिढ्या तशीच राहणारी वंशरेषा) असते, आणि जुन्या वाणाचं खाचर म्हणजे अशा अनेक ओळींची वस्ती. किती लोंब्या घ्यायच्या? त्या वस्तीत पाच टक्के रोपांकडे असलेला एखादा गुण आपल्या पिशवीत किमान एकदा यावा, अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर गणिताने ५९ रोपं लागतात. साठ धरा. बांधाजवळच्या दोन ओळी सोडून, खाचरात नागमोडी चालत, दर पाचेक पावलांवर समोर येईल त्या चुडातली एक लोंबी. भरदार लोंबीकडे हात आपोआप जातो, तो आवरायचा. साठ लोंब्यांचं मिळून साधारण दीडशे ग्रॅम भात होतं. त्यातल्या वीस लोंब्या प्रत्येकी वेगळ्या पाकिटात ठेवा, उरलेल्या चाळीस एकत्र.

शेतकरी म्हणेल, ‘ही भेसळ काढून टाका, ही आमची नव्हे.’ ती काढू नका. वेगळ्या पाकिटात घ्या आणि तिला तो काय म्हणतो ते लिहा. याच कारणासाठी पेरणीआधीचा नेहमीचा मिठाच्या पाण्याचा उपाय, दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून तरंगणारं बी फेकण्याचा, इथे करायचा नाही. पेरणीला तो उत्तम. संग्रहात मात्र तो हलक्या दाण्याच्या ओळीच गाळून टाकतो.

कापणी उरकली असेल तर मुडीतून घ्या. पेंढ्याच्या मुडीत बांधून माळ्यावर, चुलीच्या धुरावर ठेवलेलं बी चांगलं टिकतं, पण त्यात दोन-तीन खाचरांचं भात मिसळलेलं असू शकतं. वर, मध्ये आणि तळाशी हात घालून पाव किलो घ्या आणि ‘मुडीतून’ असा शेरा लिहा.

वाळवणं ही कोकणातली खरी परीक्षा. कापणीच्या वेळी दाण्यात वीस-बावीस टक्के ओल असते. सड्याच्या कातळावर किंवा सिमेंटच्या अंगणात दुपारी पसरलं तर बी ४३ अंशांच्या वर तापतं आणि अंकुर मरतो. खायचं भात तसं वाळवलं तर बिघडत नाही, म्हणून ही चूक लक्षातही येत नाही. सारवलेल्या खळ्यात, बांबूच्या तट्ट्यावर, सकाळच्या उन्हात पातळ थर द्या. बारा-तेरा टक्क्यांवर आलं की उन्हाचं काम संपलं. ओलमापक नसेल तर कोरड्या बरणीत भाजून सुकवलेलं मीठ आणि बी घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. पुढचं काम सिलिका जेलचं. बियांच्या वजनाइतकं कोरडं जेल हवाबंद बरणीत, मध्ये कापडी पिशवी. निळे खडे गुलाबी झाले की बदला. सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरू द्या. ओल एक टक्क्याने कमी केली की बियांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं तरी तसंच. हा ठोकताळा पाच ते चौदा टक्क्यांच्या पट्ट्यात लागू पडतो. चौदाच्या वर ओल असलेलं बी घाईने फ्रीझरमध्ये टाकलं तर आतल्या बर्फाने पेशी फुटतात. आणि मोकळ्या पाकिटात कपाटात ठेवलं तर जुलैची हवा पंधरवड्यात सगळी मेहनत परत घेते.

उगवण तपासायला शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळा, चौदाव्या दिवशी मोजा. पण कापणीनंतर लगेच तपासू नका. जुन्या वाणांचं ताजं बी काही आठवडे सुप्त असतं. वीस टक्के उगवलं म्हणून नमुना फेकून दिला, आणि तेच बी जानेवारीत नव्वद टक्के उगवलं असतं, ही चूक प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसांकडून फार होते. घाई असेल तर ५० अंशांवर पाच दिवस कोरडं तापवून सुप्तावस्था मोडता येते. मात्र बी आधी नीट वाळलेलं हवं.

डीएनएसाठी शेतात पानं खुडून सिलिकात वाळवत बसण्याची गरज बहुतेक वेळा नसते. ते करायचंच तर एक ग्रॅम पानाला दहा ग्रॅम जेल, आणि पान एका दिवसात कुरकुरीत व्हायला हवं. हळू वाळलं की पेशीतलीच विकरं डीएनए तोडतात आणि प्रयोगशाळेत डीएनए तपासायच्या जेलवर (हे सिलिका जेल नव्हे) पट्ट्याऐवजी धूसर शेपूट दिसतं. भाताला सोपा मार्ग आहे. वेगळ्या ठेवलेल्या वीस लोंब्यांपैकी दहांतला एकेक दाणा पेरा, पंधरा दिवसांचं रोप घ्या. डीएनए काढायची नेहमीची, सीटॅब या रसायनाची पद्धत पुरते: पान बारीक वाटा, दोन टक्के सीटॅबच्या द्रावणात ६५ अंशांवर तासभर, मग २४:१ क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल, आयसोप्रोपॅनॉल, सत्तर टक्के अल्कोहोलची धुणी. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८च्या आसपास यायला हवं. दहा रोपं वेगवेगळी चालवा. सगळ्यांची पानं एकत्र वाटली तर दोन पट्टे दिसतील, आणि ते संकराचे की मिसळीचे हे मग कळणार नाही.

भाताची गुणसूत्रं बारा जोड्या. प्रत्येकावर दोन याप्रमाणे चोवीस एसएसआर मार्कर (डीएनएतल्या लहान पुनरावृत्तींच्या खुणा) घेतले तरी ‘मुणगो’ आणि ‘खारा मुणगा’ जवळचे की दूरचे हे बऱ्यापैकी कळतं. सोबत ओळखीचे वाण चालवा: कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा कर्जत-३, शिरगावचा रत्नागिरी-२४.

यांशिवाय गुणसूत्रांवरची तीन ठिकाणं माझ्या मते कोकणासाठी तपासलीच पाहिजेत. पहिलं आरसी, सातव्या गुणसूत्रावर. लाल साल या जनुकामुळे. बहुतेक पांढऱ्या भातांत त्यातली डीएनएची चौदा अक्षरं गळालेली आहेत. ‘लाल’ नावाच्या नमुन्यात ही गळती दिसली, तर एकतर नमुना बदललाय किंवा ‘लाल’ हे तुसाच्या रंगावरून पडलेलं नाव आहे. लगेच वहीकडे परत जा, मुद्रण ऐका. दुसरं एसडी१, पहिल्या गुणसूत्रावर. बुटकेपणा देणारी ३८३ अक्षरांची गळती १९६०च्या दशकात तायचुंग नेटिव्ह-१ आणि आयआर-८ या बुटक्या वाणांबरोबर आपल्याकडे आली. १९६८चा ‘जया’ त्याच घराण्यातला. ‘आज्याच्या काळचं भात’ म्हणून दिलेल्या नमुन्यात ती गळती मिळाली तर भात तेवढं जुनं नाही. नाव मात्र जुनं असू शकतं: जुनं भात गेलं आणि त्याचं नाव नव्याला चिकटलं. अशा ठिकाणी गावाने बियाणं कधी बदललं, याचा पुरावा शब्द आणि जनुक मिळून देतात. एकट्याने दोघांपैकी कुणालाच ते जमत नाही.

तिसरं सॉल्टॉल, खाऱ्या जमिनीत तग धरायला मदत करणारा गुणसूत्राचा पट्टा, आणि इथे चुकायला फार वाव आहे. हा पट्टा केरळच्या पोक्कळी भातातून ओळखला गेला. पेण-अलिबागच्या खारजमिनीतल्या राता भातात पोक्कळीसारखा मार्कर दिसला म्हणून सहनशीलता सिद्ध होत नाही, आणि दिसला नाही म्हणून ती नाही असंही नव्हे. मार्कर जनुकाच्या शेजारी असतो, आणि वेगळ्या भातात तो शेजार तुटलेला असू शकतो. शेतातच मोजा. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता (खारेपणाचं माप) मीटरला तीन डेसिसीमेन्सच्या पुढे गेली की भाताचं उत्पन्न घटू लागतं. मे महिन्यात घेतलेली माती भयंकर आकडा दाखवते आणि जुलैअखेर पावसाने तीच धुऊन निघते. म्हणून लावणीला एकदा आणि फुलोऱ्यात एकदा मोजा, कारण भात याच दोन वेळी नाजूक असतं. फुटव्यांच्या काळात बरंच सोसतं. उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) त्या वर्षी नीट चालली की बांध फुटून खाडीचं पाणी आत आलं, तेही लिहा. सोबत पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचा पनवेल-१ तुलनेसाठी लावा.

रांधणाऱ्या बाईचे ‘चिकट’, ‘मोकळा’, ‘फुगता’ हे शब्दही मोजता येतात. सहा कांडलेले दाणे १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा मिलिलिटर द्रावणात, ३० अंशांवर २३ तास. कुठला दाणा जसाच्या तसा राहतो, कुठला विरघळून ढगासारखा होतो, त्यावरून शिजायला किती उष्णता लागते ते समजतं. तिचा शब्द आणि हा आकडा शेजारी-शेजारी लिहा. न जुळले तर तिचा शब्द खोडू नका. ती उकड्याबद्दल बोलत असेल आणि तुम्ही सुरय (न उकडता कांडलेला तांदूळ) तपासला असेल.

हे सगळं आंब्याला जसंच्या तसं लावू नये. हापूस कलमाने वाढतो, तिथे नाव झाडाला घट्ट चिकटून राहतं. रायवळाचं उलट, तिथे एकेका झाडाला स्वतःचं नाव असतं, आणि ते झाड पडलं की नावही जातं.

संग्रहाच्या तीन वाटण्या करा: एक दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आयसी (देशी संग्रहाच्या) क्रमांकासाठी, एक दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या केंद्राकडे, एक ज्याची त्याला परत. दीडशे ग्रॅम तीन ठिकाणी पुरत नाही, म्हणून पहिल्या पावसाळ्यात ते वाढवून घ्यावं लागतं. लावणीच्या भाताला एका गुंठ्याला चारशे ग्रॅम बी लागतं, तेव्हा शेतकऱ्याकडे किमान अर्धा किलो परत जायला हवं. सोबत त्याच्या आवाजातलं मुद्रण आणि वाणाचं त्याच्याच बोलीत लिहिलेलं पान द्या. हे सगळं मेच्या मध्यापर्यंत पोहोचवा. रोहिणीत धूळवाफेवर (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरणी होऊन गेली की त्या वर्षी तरव्यात (रोपांच्या वाफ्यात) त्याला जागा उरत नाही.